मशीन गप्प झाली का

मरोळ, अंधेरी पूर्व
४ नोव्हेंबर २०२३

गुणाजी भावजी,

पळालात ना? स्कॅन करून घेतलंत, आणि रिपोर्ट यायच्या आधीच पिशवी उचलून गावी. शीतल मला विचारते, "आई, काका असे न सांगता कसे गेले?" मी म्हटलं, "घाबरले गं. पण त्यांच्यासमोर भात कापायला गेले असंच म्हणायचं." सूनबाई हसली. पोटुशी बाईला हसवलंत तेवढं पुण्य तुमच्या खात्यात.

फोन केला नाही, कारण तुम्हाला फोन म्हणजे मी इकडून बोंबलणार, तुम्ही तिकडून "हां, हां" करणार, आणि ऐकणार कोण, तर माझा अख्खा मजला. दिराला कुठल्या जागेचं दुखणं आहे ते आठ खोल्यांना कशाला कळायला पाहिजे? माझ्या सुशांतने मेसेज वाचायला मोबाइल दिला, तो तुम्ही तांदळाच्या डब्यात पुरून ठेवलाय. सगळं कळतं मला. म्हणून पत्र. गावच्या शाळेत मास्तरांनी सातवीपर्यंत हातावर छड्या मारून अक्षर वळवलं ते या दिवसासाठीच असेल.

आता ऐका, म्हणजे वाचा. चार वर्षांपूर्वी लघवीच्या पिशवीखालची तुमची ती ग्रंथी काढली, तेव्हा आपण पेढे वाटले. पण आजाराचे दोन दाणे तेव्हाच निसटले होते म्हणे. पोटात खाली, डाव्या बाजूला ज्या बारीक गाठी असतात ना सगळ्यांनाच, त्यातल्या दोघींत जाऊन बसलेत. म्हणून रक्तातला आकडा चढतोय. स्कॅनवर दोन ठिपके दिसले. मीपण बघितले. काजव्यासारखे.

अडचण काय, तर स्कॅनवर दिसतं पण पोट उघडल्यावर दिसत नाही. गाठ मुगाएवढी, आजूबाजूला चरबी. सर्जन हात घालून शोधणार तरी कुठे? तर आता नवीन रीत निघालीय. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी एक इंजेक्शन देतात. ते औषध अंगभर फिरतं आणि बरोब्बर आजाराच्या दाण्याला जाऊन चिकटतं. त्यात किरणं असतात, थोडीशीच. मग पोटात एक दांडी घालतात. दाण्याजवळ गेली की मशीन वाजते. आपल्या मरोळ नाक्याच्या मेट्रोत शिरताना ती बाई अंगावरून दांडका फिरवते, कमरेच्या चाव्यांवर आला की टूंऽ करतो, तस्संच. जिथे टूं, तिथलं काढायचं. गप्प झाली की संपलं.

आणि सर्जन बाई आहे. निधी मॅडम. तरुण आहे, हात नाजूक. लाजू नका, तुम्ही झोपलेले असणार.

तारीख डिसेंबरच्या सुरुवातीची देते म्हणाली. भात कापून झाला की या. नाही आलात तर मी येऊन कानाला धरून आणीन. कान तसेही काही कामाचे नाहीत तुमचे.

तुमची वहिनी,
मालन


कोळंबवाडी
१४ नोव्हेंबर २०२३

वयनी,

पळालो नाय. भात आडवा पडत होता. शेजारच्यांचा हात धरून कापून घेतला.

पत्र दोनदा वाचलं. हसू आलं आणि बरंही नाही वाटलं. मिलच्या साचेखात्यात मागांवर वीस वर्षं काढली, साच्यांच्या खडखडाटाने कान खाल्ले. मिल बंद पडली तोवर मी बहिरा झालो होतो. आता परत मशीनच वाजणार आणि माझा जीव तिच्या वाजण्यावर. आणि ती वाजलेली सगळ्यांना ऐकू येणार, माका सोडून.

तुला कान कशाला पाहिजेत म्हणशील. खरं आहे. साचेखात्यात कुणी कुणाचं ऐकतच नव्हतं. ओठ बघायचे. चार साचे पलीकडे कोणी जॉबरला शिवी घातली तरी मला कळायची. तुझ्या लग्नात अंतरपाटामागे तू मैत्रिणीला पुटपुटलीस, "अगो बाय, ह्येचे कान बघ, सुपाएवढे." भटजीला कळलं नाय, दादाला कळलं नाय. मला कळलं. दादाला सांगितलं ते वरातीत. म्हणून तो तुझ्याकडे बघून हसत होता, आणि तुला वाटलं प्रेमाने.

बाईमाणूस सर्जन ऐकून मन घेत नाही. पण तू म्हणतेस तर येतो.

एक अट आसा. मी झोपलेला असणार, आणि जागा असतो तरी काय उपयोग. मशीन वाजली का, किती वाजली, आणि शेवटी गप्प झाली का, ते तू मला खरं सांगायचं. डॉक्टर लोक गोड बोलतात, सुशांत काय पोरगा. तू सांगायचं. तू खोटं बोलत नाहीस म्हणून नाही. तुला खोटं बोलता येत नाही म्हणून.

गुणाजी


मरोळ
२२ नोव्हेंबर २०२३

भावजी,

चव्वेचाळीस वर्षं पोटात ठेवलंत? मेल्या मनाचे कसले! मी आपली समजत होते की नवरा वरातीत माझ्या रूपावर खूश होऊन हसतोय. त्या एका हसण्यावर मी अर्धा संसार रेटला. आता ते गेल्यावर कळतं की कानांवरून हसत होते. पण होतेच सुपाएवढे.

तुमची अट मान्य. वाजली तर वाजली सांगेन, गप्प झाली तर गप्प. एक अक्षर बदलणार नाही. ह्यांची शपथ घेते, मग तर झालं?

बाकी तयारी सांगते. इंजेक्शन देतील त्या दिवशी तुम्ही हॉस्पिटलातच झोपायचं. अंगात किरणं असतात तोवर पोटुशी बाईच्या जवळ जायचं नाही म्हणे, म्हणून शीतलला पाठवणार नाही. सकाळपर्यंत बरीचशी उतरतात. मी येऊन बसेन. माझ्या पोटात आता काही राहत नाही, भूक सोडून. सुशांतने विचारलं, "काका अंधारात चमकतील का?" एवढा एमआयडीसीत सुपरवायझर आहे आणि डोकं बघा.

येताना कुळीथ आणा. बाजारातले सुके बोंबील मी आणून ठेवलेत, पण ऑपरेशननंतर. आधी खाल्लेत तर मशीन बोंबलाला वाजायची.

मालन


मरोळ
१० जानेवारी २०२४

भावजी,

पोचलात का नीट? टाके खाजवू नका.

महिनाभर माझ्या खोलीत कॉटवर पडून होतात, पण निघताना म्हणालात की "तू तोंडाने सांगितलंस ते बरं, पण लिहून पाठव." वाचायला पाहिजे म्हणे. बरं बाबा, लिहिते.

सकाळी तुम्हाला आत नेलं. मी बाहेर बाकावर. शेजारी एक गुजराती बाई जप करत होती, तिच्या डब्यातला थेपला मी खाल्ला, कारण भूक ती भूक. दुपार झाली तेव्हा निधी मॅडम बाहेर आली. म्हणाली, दांडी आत घातली आणि डाव्या बाजूला नेली तशी मशीन जी ओरडायला लागली! टूं टूं टूं टूं, सत्यनारायणाच्या घंटीसारखी. तिथली गाठ काढली. काढून बशीत ठेवली, बशीतल्या गाठीला दांडी लावली. तर बशीतपण टूं! म्हणजे चोर तोच. मग दुसरी. तीपण तशीच. मग दांडी सगळीकडून फिरवली, खाली, वर, मागे, आणि मशीन गप्प. एकदम गप्प, भावजी. तुमच्या कानासारखी.

झालं समाधान?

तीन तीन महिन्यांनी जे हार्मोनचं इंजेक्शन घ्यायला सांगितलंय ते घ्यायचंच. ते नुसतं बंदोबस्ताला. गणपती बसले की पोलीस उभे करतात ना, काही झालेलं नसतं तरी. तसं.

तुम्ही गावी गेल्यापासून तुमच्या कॉटवर मी बसत नाही, का ते विचारू नका. शीतल म्हणते जागा अडते, काढून टाकू. मी म्हटलं राहू दे.

मालन


कोळंबवाडी
२६ जानेवारी २०२४

वयनी,

पत्र मिळालं. फार चांगलं लिहिलंस. बशीतली गाठ वाचून मी एकटाच हसलो. ते पत्र उशाखाली ठेवलंय.

निधी मॅडम चांगली बाई. एक आवडलं, बोलताना मास्क हनुवटीवर ओढते. बाकीचे डॉक्टर मास्क लावून बोलतात, माझ्यासारख्याला त्यांच्यात आणि भिंतीत फरक नसतो.

इंजेक्शनाने अंगातून वाफा निघतात. भर थंडीत घामाघूम. छातीही दुखते. तुम्हा बायकांचं असंच असतं का त्या वयात?

कपिला गाय शेजारच्या कुंदाला दिली. आंब्याची नवीन कलमं लावणार होतो, नाय लावली. जुनी आहेत ती पुरेत.

शीतलला सांभाळ.

गुणाजी


मरोळ
२० मार्च २०२४

भावजी,

मुलगी झाली! तुमची नात. नाक आपल्या घराण्याचं, म्हणजे पुढे लग्नाला त्रास. पण कान छोटे आहेत, देवाला लाज वाटली असेल. नाव तेजल ठेवलंय. बारशाला तुम्ही नव्हतात म्हणून तुमच्या नावाने मीच पाळण्यात कुंची घातली.

वाफांचं वाचून मला एवढं हसू आलं की शीतलला वाटलं मी रडतेय. आता कळलं? मी पन्नाशीत रस्त्याने पदराने वारा घेत फिरायचे तेव्हा तुम्ही दोघे भाऊ म्हणायचात, "हिचं काय हे नवीन?" घ्या आता. पदर नाही, पंच्याने घ्या.

आणि तो तालुक्याच्या लॅबचा रिपोर्ट सुशांतने बघितला. आकडा जमिनीला टेकलाय! मॅडमला दाखवला, ती म्हणाली छान आहे. बघा. मशीन गप्प झाली होती ना? मग आकडा गप्प बसणारच. मी तर आता कपडे वाळत घालताना पण गुणगुणते.

गाय दिलीत ते बरं केलंत. मी ओळखलं हो तुमचा बेत. गुरं नाहीत, कलमं नाहीत, म्हणजे गाव सोडून इकडे यायचं ठरलंय. बोलवत नाही म्हणून वाट बघताय, मानी आहात. तर या. कॉट आहेच. खिडकीखाली सरकवलीय, म्हणजे तुम्हाला समोरच्या गल्लीतली भांडणं बघता येतील. ऐकू आली नाहीत तरी ओठ बघा आणि मला सांगा, मला वरून अर्धीच ऐकू येतात.

मालन


कोळंबवाडी
९ फेब्रुवारी २०२५

वयनी,

वर्षभर पत्र लिहिलं नाही. इंजेक्शनासाठी मुंबईला येत होतो तेव्हा तुझ्यासमोर बसून जेवलो, तेजलला मांडीवर घेतलं, आणि बोलायचं ते बोललो नाही. समोर बोलता येत नाही. तू तोंड फिरवतेस.

आकडा मागच्या खेपेला चढला. आता परत चढलाय, इंजेक्शन चालू असून. तुला सुशांतने सांगितलं असेलच, आणि तू मला काय सांगायचं त्याचा विचार करत असशील. नको करू. डावा पाय सुजलाय. चप्पल जात नाही, एका पायात घालून फिरतो. कमरेच्या हाडात रात्रंदिवस कोणीतरी साचा चालवल्यासारखं दुखतं. तालुक्याचा डॉक्टर म्हणाला मुंबईला जा, सलाइनवाले उपचार घे. मी म्हटलं बघू. जाणार नाही.

वयनी, मला ठाऊक आहे. पहिल्या दिवसापासून.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी मी वॉर्डात पडलो होतो. निधी मॅडम आली. तुला दारापाशी बोलावलं. मास्क हनुवटीवर ओढला. माझी मान तिकडेच होती. तिने म्हटलं, "दोन गाठी काढल्या. पण मागे, मणक्याजवळ, मोठ्या शिरेला चिकटून एक जागा आहे, तिथे मशीन वाजत राहिली. स्कॅनमध्ये ती दिसली नव्हती. हात लावला असता तर रक्त थांबलं नसतं, टेबलावरच गेले असते. तशीच सोडावी लागली." मग म्हणाली, "त्यांना कसं सांगायचं?"

आणि तू म्हणालीस, "सांगू नका. इथे बोललं तरी चालतंय, ते बहिरे आहेत."

अगो वयनी. सगळं जग विसरलं असतं तर ठीक. तूही?

मी डोळे मिटले. तू येऊन बसलीस आणि हात हलवून सांगितलंस, गप्प झाली, गप्प. तुझे ओठ थरथरत होते आणि तू हसत होतीस. मी मान हलवली. मला राग आला नाही. पोटातला एक दाणा काढता येत नाही, त्यात कोणाची चूक. मग मला वाटलं, हिला एवढं खोटं बोलता येतं तर पूर्णच बोलू दे. म्हणून लिहून मागितलं. तुझी ती सत्यनारायणाची घंटी, बशी, पोलीस, सगळं. फार सुंदर लिहिलंस. वर्षभर मी ते रोज वाचलं. खरं नाही हे माहीत असून. मशीन गप्प झाली ते ठिकाण आलं की मी थांबतो, मग परत पहिल्यापासून.

गाय मी त्यासाठीच दिली होती. तुझ्या कॉटसाठी नाही.

आता एक कर. खरं लिही. आवाज कसा होता, त्या तिसऱ्या जागी?

गुणाजी


मरोळ
१७ फेब्रुवारी २०२५

गुणाजी,

आज भावजी नाही, तुम्ही नाही. तूच.

तुझं पत्र शीतलने उघडलं नाही ते बरं झालं. मी ते संडासात बसून वाचलं, बाहेरून तेजल दार बडवत होती.

तुला खरं पाहिजे ना. तर ऐक. मला आवाज माहीत नाही. मी काहीच ऐकलं नाही रे. ऑपरेशनच्या खोलीचं दार जाड, बाहेर एसीची घरघर. तुझ्या जागी मी ऐकणार म्हणून शपथ घेऊन बसले, आणि बाकावर बसून गुजराती बाईचा थेपला खाल्ला. ती टूं टूं मी मेट्रोच्या दांडक्यावरून लिहिली. घंटी माझी. बशी तेवढी खरी, मॅडमने सांगितली होती. बाकी तिसऱ्या जागी हळू वाजली का जोरात, मला नाही ठाऊक. तुझ्यापेक्षा जास्त मला काहीच ऐकू आलं नाही. आपण दोघंही बहिरेच होतो त्या दिवशी.

तुझी नजर कुठे होती ते मी बघायला पाहिजे होतं. इतकी वर्षं बघत आले. नेमकी तेव्हा बघितली नाही. मॅडम बोलत होती तेव्हा मी तिच्या गळ्यातल्या पेनाकडे बघत होते, कारण तोंडाकडे बघवत नव्हतं.

परवा सुशांतला घेऊन मॅडमकडे गेले. तू येणार नाहीस ते सांगितलं. म्हटलं, परत ते इंजेक्शन द्या, परत दांडी फिरवा, या वेळी तिसरी जागा पण काढा, मी सही करते. तिने खुर्ची जवळ ओढली. म्हणाली, आता एक जागा नाही, आजी. हाडांत पसरलंय. आता मशीन घातली तर सगळीकडेच वाजेल. मग तिने मास्क वर घेतला, आणि मला कळलं की ती रडते आहे किंवा तिला पुढचा पेशंट आहे. दोन्ही असेल.

दुखणं कमी व्हायच्या गोळ्या लिहून दिल्यात. घेऊन येतेय. हो, येतेय. सुशांतने शनिवारचं तिकीट काढलं. शीतल म्हणाली, "आई, किती दिवसांसाठी?" मी पिशवीत आणखी दोन साड्या कोंबल्या. तिने परत विचारलं नाही, शहाणी आहे. बरोबर बोंबील आणते, कुळथाची पिठी तू ठेवली असशीलच. कुंदाला सांग, गाय परत मागत नाही, पण दूध मागायला येईन.

ते पत्र उशाखालून काढू नकोस. खोटं आहे तर आहे. मी आल्यावर वाचून दाखवेन, तू ओठ बघ. बशीपाशी मी हसेन, तूही हस. गप्प झाली ते आलं की तिथेच थांबू.

पण एक अट माझीसुद्धा आहे. तुझी झाली, आता माझी. चुलीपाशी बसून, विहिरीवर, कुठे मी माझ्याशी काही पुटपुटत असले तर बघायचं नाही. मान फिरवायची. अंतरपाटापासून तू माझं सगळं चोरून वाचलंयस, एवढं तरी माझ्याकडे राहू दे. ते तुझ्यासाठी नसणार. आणि असलं तरी तुला कळायला नको.

शनिवारी निघून रविवारी सकाळी पोचेन. दाराला आतून कडी लावू नकोस. मी कितीही वाजवली तरी तुला ऐकू यायची नाही.

मालन